नाव हीसुद्धा मिळकतच आहे

आपल्याकडे चार माडांचे भाट असले तरी त्याचा एक व चौदाचा उतारा माणूस ट्रंकेत जपून ठेवतो. शेजाऱ्याने कुंपण हातभर पुढे सरकवले तर त्याच दिवशी पंचांना बोलावतो, मामलेदाराकडे अर्ज करतो आणि प्रसंगी दोन पिढ्या कोर्टाची पायरी झिजवतो. त्याच माणसाने तीस वर्षे घाम गाळून एखाद्या मसाल्याला, लोणच्याला, खाज्याला वा तेलाला नाव मिळवून दिलेले असते. त्या नावावर त्याच्या मुलांची शिक्षणे झालेली असतात, घराची कौले चढलेली असतात. परंतु त्या नावाचा कागद म्हणाल तर त्याच्या घरात सापडावयाचा नाही. भाटाला कुंपण आहे, नावाला नाही. आणि ज्याला कुंपण नाही त्यात दुसऱ्याची गुरे शिरली तर नवल कोणते?

छोट्या व्यावसायिकाच्या नावाची व छापाची नक्कल होणे ही काही नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. समजा, फोंड्याकडील एखादी गृहिणी घरी कोकमाचे आगळ काढून बाटल्यांतून विकू लागली. आरंभी वाड्यावरची चार घरे, मग बाजारातला एक पसरकार, मग म्हापसा-मडगावची दहा दुकाने असा तिचा व्याप हळूहळू वाढला. बाटलीवर तिने एक नाव घातले, हिरव्या पानात लाल फळ असे चित्र छापून घेतले. दहा वर्षांनी एके दिवशी पसरकार तिला सांगतो, "बाई, तुमचा माल हल्ली पातळ येतो." ती चकित होते, कारण त्या दुकानात तिने महिनाभर माल दिलेलाच नसतो! फळीवर पाहावे तो तेच हिरवे पान, तेच लाल फळ, बाटलीही त्याच घाटाची. नावात मात्र एक अक्षर इकडचे तिकडे. गिऱ्हाईक त्या अक्षराकडे पाहात नाही. ते पानाकडे पाहते, रंगाकडे पाहते आणि पिशवीत बाटली टाकते.

या व्यवहारात लुबाडले जातात ते दोघे. गृहिणीचे गिऱ्हाईक जाते हे तर उघडच आहे. पण जे गिऱ्हाईक विश्वासाने पैसे मोजते त्याच्या पदरी वेगळाच माल पडतो. शिवाय तो माल वाईट निघाला की बोल लागतो तो मूळ नावाला. म्हणजे चोराने चोरी करावी आणि बदनामी धन्याची व्हावी, असा हा विलक्षण प्रकार आहे. पैशाची चोरी झाली तर पैसा पुन्हा मिळवता येतो. लौकिक एकदा पातळ झाला की तो पुन्हा दाट होण्यास आयुष्य पुरत नाही.

मोठ्या कारखानदारांची गोष्ट निराळी. त्यांच्यापाशी वकिलांचा ताफा असतो, बाजारात फिरणारी माणसे असतात. छोट्याची सारी जाहिरात तोंडातोंडी झालेली असते. त्यामुळे नकलेचा घाव त्याला अधिक खोल लागतो, आणि बहुतेक वेळा तो हात जोडून देवाला सांगून मोकळा होतो. "आपण सामान्य माणसे, कोर्टकचेरी आपल्याला कुठली परवडणार!" हे उद्गार आमच्या कानांवर अनेकदा येतात. या उद्गारांत अगतिकता आहे हे आम्हांस मान्य आहे. परंतु त्यांत अज्ञानही थोडके नाही. कायदा छोट्याच्या बाजूस उभा राहावयास तयार आहे. मात्र वेळेवर येणाऱ्याला आणि पुरावा घेऊन येणाऱ्यालाच तो पावतो.

आपल्या देशात व्यापारचिन्हांचा पहिला स्वतंत्र कायदा १९४० साली झाला. त्याची जागा १९५८ च्या कायद्याने घेतली, आणि आज अमलात असलेला कायदा १९९९ चा असून तो १५ सप्टेंबर २००३ पासून लागू आहे. या कायद्याने पीडित व्यापाऱ्यापुढे दोन दरवाजे ठेवले आहेत. ज्याने आपले चिन्ह रीतसर नोंदविले आहे त्याच्यासाठी पहिला दरवाजा: नोंदलेल्या चिन्हाच्या हक्काचा भंग झाला म्हणून दावा. ज्याने नोंदणी केलेली नाही, पण ज्याचा लौकिक बाजारात सिद्ध आहे, त्याच्यासाठी दुसरा: प्रतिवादी आपला माल माझा म्हणून खपवितो आहे, अशी तक्रार. इंग्रजी परंपरेतून आलेल्या या दुसऱ्या हक्कास वकीलमंडळी 'पासिंग ऑफ' म्हणतात, आणि कायद्याच्या २७ व्या कलमाने तो स्पष्टपणे राखून ठेवला आहे. नोंदणी नाही म्हणून सारे संपले, हा समज चुकीचा आहे. फरक एवढाच की, पहिल्या दरवाजाने जाणाऱ्याच्या हाती मालकीचा कागद असतो. दुसऱ्याने जाणाऱ्यास आपला लौकिक, प्रतिवादीची दिशाभूल आणि आपले नुकसान, हे सारे पुराव्यानिशी मांडावे लागते.

आता, नक्कल कशास म्हणावयाचे? नक्कल करणारा सहसा हुबेहूब उचलीत नाही; तो एक मात्रा बदलतो, एक रंग फिका करतो आणि "आमचे नाव वेगळे" असे शहाजोगपणे सांगतो. या शहाजोगपणास सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच उत्तर दिलेले आहे. मद्रासकडील तपकिरीच्या व्यापारात 'श्री अंबाळ' हे नाव प्रस्थापित होते. दुसऱ्या एका व्यापाऱ्यास 'श्री आंडाळ' हे नाव नोंदवून हवे होते. अंबाळ ही शिवाची शक्ती, आंडाळ ही वैष्णवांची संत. अर्थाने दोन्ही नावे भिन्न, हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड होता. परंतु १९६९ साली न्यायालयाने म्हटले की, तपकीर घेणारी सारी माणसे काही देवतांचा भेद जाणून दुकानात येत नाहीत. कानाला दोन्ही नावे सारखीच लागतात आणि कानाची फसगत हीही फसगतच. आंडाळची नोंदणी नाकारण्यात आली.

जे कानाचे तेच डोळ्याचे. पार्ले कंपनीच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनाचा वाद १९७२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. म्हैसूरकडील प्रतिवादीच्या वेष्टनावरही तशीच रंगसंगती, तशीच मुलगी आणि तसेच गोठ्याचे वातावरण होते. गाई किती, कोंबड्या कुठे, मुलीच्या डोक्यावर काय, असे फरक दाखविले गेले. न्यायालयाने सांगितले की, दोन वेष्टने शेजारी शेजारी ठेवून त्यांतील फरक मोजीत बसावयाचे नसते; गिऱ्हाईक एक वेष्टन पाहून जाते आणि पुढल्या खेपेस धूसर आठवणीवर दुसरे उचलते. त्या आठवणीस चकवा बसेल काय, एवढाच प्रश्न असतो. आमच्या गृहिणीच्या हिरव्या पानाला हा निर्णय पुरेसा आधार आहे. नाव वेगळे ठेवून चित्र, रंग आणि घाट उचलणाऱ्यासही कायदा मोकळा सोडीत नाही.

छोट्या व्यावसायिकाच्या मनात आणखी एक शंका असते: माझे दुकान एका गल्लीतले, माझ्या नावाला कोण विचारणार? या शंकेचे निरसन करणारे दोन निर्णय आम्ही मुद्दाम सांगू इच्छितो. अहमदाबादेतील 'मुक्तजीवन' या नावाच्या छायाचित्रणाच्या व्यवसायाचे नाव त्याच शहरात दुसऱ्या स्टुडिओने धारण करण्याचा घाट घातला. दोन दुकानांतील अंतराचा मुद्दा पुढे करण्यात आला आणि खालच्या न्यायालयांतून मनाई हुकूम मिळाला नाही. डिसेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दिला. दुसऱ्याचा व्यवसाय तो आपलाच, असे लोकांस भासवून कोणासही धंदा करता येणार नाही. त्यासाठी प्रतिवादीचा कपटी हेतू सिद्ध करण्याचीही गरज नाही. आणि प्रत्यक्ष नुकसान होण्याची वाट न पाहता ते होण्याचा संभव दिसला तरी पुरे, असा त्या निर्णयाचा इत्यर्थ आहे.

दुसरी गोष्ट तिरुनेलवेलीच्या हलव्याची. तेथे देवळाजवळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले हलव्याचे एक दुकान आहे. त्यात उजेड बेताचाच, म्हणून लोक त्यास 'इरुट्टुकडै', म्हणजे अंधारे दुकान, म्हणू लागले. मालकाने जाहिरात करून ठेवलेले हे नाव नव्हे. गिऱ्हाइकांनी प्रेमाने बहाल केलेले. पुढे दुसऱ्याने त्यामागे गावाचे नाव जोडून 'तिरुनेलवेली इरुट्टुकडै हलवा' सुरू केला आणि आपल्यापाशीही नोंदणी असल्याचे सांगितले. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने जुन्या दुकानाच्या बाजूने निकाल दिला. जो आधीपासून नाव वापरतो त्याचा हक्क, नंतर येऊन नोंदणी करणाऱ्याच्या हक्काहून वरचढ आहे. नोंदणीचा कागद हे परक्याच्या लौकिकावर डल्ला मारण्याचे परवानापत्र नव्हे, हे तत्त्व त्या निकालाने पक्के केले. हलव्याच्या एका अंधाऱ्या दुकानाला देशाच्या सर्वोच्च न्यायासनापुढे न्याय मिळतो, तर आमच्या खाजेवाल्याने वा काजूवाल्याने धीर का सोडावा?

धीर सोडू नये हे खरे. पण वेळही दवडू नये. 'अमृतधारा' हे नाव आपल्या आजोबा-पणजोबांच्या औषधाच्या फडताळातले. 'लक्ष्मणधारा' या नावाच्या औषधास नोंदणी द्यावयाची की नाही हा वाद १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढला. अमृताची धारा आणि लक्ष्मणाची धारा यांचा अर्थ वेगळा, असे उच्च न्यायालयाने मानले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. साधा गावकरी शब्दांची फोड करून औषध मागत नाही, दोन्ही नावे एकमेकींशी घोटाळा होण्याजोगी आहेत, असा स्पष्ट निष्कर्ष त्याने काढला. एवढा मुद्दा जिंकूनही अमृतधारेची बाजू पूर्णपणे जिंकली नाही. कारण लक्ष्मणधारा वर्षानुवर्षे उत्तर प्रदेशात विकली जात होती, हे अमृतधारेच्या मालकांस ठाऊक असूनही ते स्वस्थ राहिले होते. त्या स्वस्थतेमुळे लक्ष्मणधारेस उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळालीच. आपल्या कुंपणात शिरलेले गुरू पाहूनही जो वर्षानुवर्षे हाकलीत नाही, त्याला पुढे चारा मागता येत नाही.

आजच्या कायद्याने या गोष्टीस मुदतच घालून दिली आहे. नंतर नोंदलेले चिन्ह दुसरा वापरतो हे माहीत असून मूळ धनी सलग पाच वर्षे गप्प राहिला, तर त्याच्या मौनाचा अर्थ संमती असा घेता येतो. अपवाद एवढाच, की ती दुसरी नोंदणी प्रामाणिकपणे केलेली नसावी. 'लक्ष्मणरेखा' या कीटकनाशक खडूच्या वादात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने असेही सांगितले की, हक्कभंग उघड असेल आणि नक्कल अप्रामाणिक असेल, तर केवळ उशीर झाला म्हणून मनाई हुकूम नाकारला जाऊ नये. हा दिलासा खरा. पण त्याच्यावर विसंबून झोपणे शहाणपणाचे नाही.

येथे आमच्या वाचकांशी एक मोकळी गोष्ट बोलली पाहिजे. आपण श्रद्धाळू माणसे. दुकान काढले की कुलदैवताचे नाव देतो: मंगेश, शांतादुर्गा, महालसा, नागेश, दामोदर, महालक्ष्मी. श्रद्धेच्या दृष्टीने यात वावगे काहीच नाही. परंतु गावोगाव शंभर फलकांवर असलेले नाव एकट्याचे म्हणून राखता येत नाही. उदबत्तीसाठी 'रामायण' हे नाव एकट्यास नोंदवून मिळावे, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली फेटाळली. पवित्र ग्रंथाच्या नावावर एका व्यापाऱ्याची मक्तेदारी असू शकत नाही. तीच गोष्ट गुणवाचक नावांची. 'शुद्ध', 'उत्तम', 'गावठी', 'घरगुती' हे शब्द सर्वांचे आहेत. आडनावाचेही तसेच: स्वतःच्या नावाने प्रामाणिकपणे धंदा करण्यास कायदा कोणास अडवीत नाही. यास्तव देवाचे नाव देव्हाऱ्यात आणि फलकाच्या शिरोभागी खुशाल असावे. मालावर मात्र एखादे घडवलेले, अनपेक्षित, दुसऱ्यास न सुचणारे नाव आणि तितकेच स्वतंत्र चित्र असावे. नाव जितके वेगळे, तितके त्याचे कुंपण उंच.

नोंदणी ही फार अवघड वा खर्चिक बाब आहे, असाही एक गैरसमज आहे. गोवा राज्य मुंबईच्या व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या कक्षेत येते. पण आता अर्ज घरबसल्या संगणकावरून करता येतो. २०१७ च्या नियमांनुसार एकट्या व्यक्तीस व लघुउद्योगास एका वर्गासाठी साडेचार हजार रुपये शुल्क पडते. मोठ्या कंपनीस त्याच्या दुप्पट. मालाचे ३४ व सेवांचे ११ असे एकूण ४५ वर्ग आहेत. आपला माल कोणत्या वर्गात बसतो ते नीट पाहून अर्ज करावा. अर्ज तपासला जातो, मग 'ट्रेड मार्क्स जर्नल' या शासकीय नियतकालिकात प्रसिद्ध होतो आणि चार महिन्यांत कोणी हरकत न घेतल्यास नोंदणी होते. ती अर्जाच्या तारखेपासून धरली जाते, दहा वर्षे टिकते आणि पुढे दर दहा वर्षांनी नूतनीकरण करता येते. मात्र नोंदणी करून नाव कपाटात ठेवता येत नाही. सलग पाच वर्षांहून अधिक काळ न वापरलेले चिन्ह काढून टाकण्याची मागणी दुसरा करू शकतो. तसेच नोंदणी होईपर्यंत वर्तुळातील 'आर' हे अक्षर लावू नये. तोवर 'टीएम' ही अक्षरे चालतात.

पंचायतीचा परवाना, दुकानाची नोंद, वस्तू व सेवा कराचा क्रमांक किंवा खाद्यपदार्थांचा परवाना मिळाला म्हणजे नाव आपले झाले, असे अनेक जण समजतात. हे परवाने धंदा करण्याचे आहेत, नावाच्या मालकीचे नव्हेत. नोंदणीचा फायदा आणखी एका ठिकाणी कळतो. नक्कल करणारा हुबळीस वा कोल्हापुरास बसून तिकडेच माल खपवीत असेल, तर नोंदणीधारकास हक्कभंगाचा दावा आपण जेथे धंदा करतो तेथील जिल्हा न्यायालयात लावण्याची मुभा कायद्याने दिली आहे. बिगरनोंदणीवाल्यास ही मुभा नाही. त्यास प्रतिवादीच्या वा नकलेचा माल जेथे विकला जातो तेथील न्यायालयाच्या दारी जावे लागते. साडेचार हजार रुपये वाचविणाऱ्याने हा प्रवासखर्चही हिशेबात धरावा.

परंतु नोंदणी असो वा नसो, पुराव्यावाचून काही चालत नाही. आमच्या छोट्या व्यावसायिकांची खरी दुबळी बाजू हीच आहे. माल उत्तम, गिऱ्हाईक पुष्कळ, पण पहिली बाटली कोणत्या साली विकली असे विचारले तर उत्तर मिळते, "थोरल्याच्या मुंजीच्या आधी." न्यायालयास मुंजीची तारीख पुरत नाही. म्हणून एक साधे बासन बांधावे. त्यात ज्या छापखान्याने पहिले लेबल छापले त्याची पावती, प्रत्येक काळातील लेबलाचा नमुना, जुनी बिले, करभरण्याच्या नकला, जाहिरातींची कात्रणे, जत्रेतल्या वा प्रदर्शनातल्या दुकानाची छायाचित्रे, दरसालच्या विक्रीचा आकडा असे सारे वर्षवार ठेवावे. भाटाच्या उताऱ्याशेजारी या बासनाला जागा द्यावी. आणि लेबलाचे चित्र कोणाकडून काढून घेतले असेल, तर त्या चित्राचे हक्क आपणांस दिल्याचे त्याच्याकडून लिहूनही घ्यावे.

नक्कल दिसली की काय करावे? प्रथम, दुकानदाराशी भांडण काढू नये. त्याच्याकडून नकलेचा माल रीतसर बिल घेऊन विकत घ्यावा व जपून ठेवावा. ज्या गिऱ्हाइकांची गफलत झाली त्यांची पत्रे, त्यांच्या तक्रारी नोंदवून ठेवाव्यात. प्रत्यक्ष फसलेल्या गिऱ्हाइकासारखा साक्षीदार नाही. मग वकिलामार्फत नोटीस द्यावी. पुष्कळ प्रकरणे येथेच मिटतात, कारण नकलखोराचे बळ मूळ मालकाच्या मौनातच असते. न मिटल्यास जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. व्यापारी दाव्यांस आता दाव्यापूर्वी मध्यस्थीची पायरी आहे. मात्र तातडीचा मनाई हुकूम हवा असेल तर थेट न्यायालयात जाता येते. न्यायालय मनाई हुकूम देऊ शकते, नुकसानभरपाई वा प्रतिवादीने कमावलेल्या नफ्याचा हिशेब देववू शकते आणि नकलेची लेबले नष्ट करण्यासाठी ताब्यात देववू शकते. खोटे व्यापारचिन्ह लावणे हा फौजदारी गुन्हाही असून त्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद व दंड अशी शिक्षा आहे. पोलिसांस झडती घेण्यापूर्वी निबंधकाचे मत घ्यावे लागते, आणि ही कारवाई उपअधीक्षक वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करावयाची असते, ही त्यातली अट ध्यानात ठेवावी.

बाहेरच्या चोराइतकाच घरातला वादही नावास घातक ठरतो. वडील असेपर्यंत एक दुकान. वडिलांच्या मागे दोन भाऊ, दोन दुकाने आणि दोन्हींवर तेच नाव. एकावर 'मूळ', दुसऱ्यावर 'जुने', तिसरा पुतण्या आला की त्याच्यावर 'खरे'! अशा फलकांपुढे गिऱ्हाइकाने काय करावे? घर, भाट, सोने यांची वाटणी होते. नावाचा उल्लेख वाटणीपत्रात क्वचितच असतो. वास्तविक बाजारात अनेकदा त्या साऱ्याहून मोलाचे तेच असते. कोणी नाव वापरावे, कोणत्या गावात वापरावे, कोणत्या मालावर वापरावे, हे वडिलांच्या हयातीतच कागदावर आले तर पुढच्या पिढीची निम्मी भांडणे टळतील.

येथे एक भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. काजूच्या फेणीस २००९ साली भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली, गोव्याच्या खाज्यास ती २०२१ साली मिळाली. शेजारच्या सिंधुदुर्गासह कोकणातील जिल्ह्यांच्या हापूसला ती २०१८ साली मिळाली. ही भूषणावह गोष्ट आहे. पण ही नोंद प्रदेशाची व तेथील साऱ्या उत्पादकांची सामाईक मिळकत आहे. एखाद्या खाजेवाल्याच्या नावाचे वा छापाचे रक्षण ती करीत नाही. गावच्या देवळाला कळस चढला म्हणून आपल्या घराला दार लावावयाचे कोणी सोडीत नाही.

नाण्यास दुसरी बाजू आहे आणि तीही सांगितली पाहिजे. हक्काची जाणीव झाली की काही जण त्याचा सोटा करतात. सर्वांच्या वापरातला शब्द कसाबसा नोंदवून घ्यावयाचा आणि मग गावोगावच्या छोट्या दुकानदारांस नोटिसा धाडून पैसे उकळावयाचे किंवा त्यांस धंद्यातून उठवावयाचे, असा उद्योग धनवानांस सहज करता येतो. त्यावरही कायद्यात उपाय आहे: निराधार धमकी देणाऱ्याविरुद्ध, ज्याला धमकी मिळाली त्यालाच न्यायालयात जाता येते. स्पर्धा ही चोरी नव्हे. शेजाऱ्यानेही आगळ काढावे, चांगले काढावे, स्वस्त विकावे. त्यात गिऱ्हाइकाचे हितच आहे. आक्षेप आहे तो त्याने दुसऱ्याचा चेहरा लावून विकण्यास.

मग करावयाचे काय? गोवा चेंबर ऑफ कॉमर्स ही संस्था १९०८ पासून या भूमीत व्यापाराची सेवा करीत आली आहे. तिने व जिल्हा उद्योग केंद्रांनी तालुक्याच्या गावी, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, व्यापारचिन्हाची माहिती देणारे व अर्ज भरून देणारे एक टेबल मांडावे, अशी आमची सूचना आहे. महिला मंडळे व स्वयंसाहाय्य गटांस उद्योगासाठी कर्ज देताना त्यातच नोंदणीच्या शुल्काची तरतूद असावी. अर्ज मराठीतून व कोंकणीतून समजावून देणारी चार पानी पुस्तिका सरकारने काढणे हे काही अशक्य कोटीतले काम नव्हे. छापखानेवाल्यांनीही, कोणी दुसऱ्याचे लेबल पुढे टाकून "असेच छापून द्या" म्हणाला, तर त्यास दार दाखवावे. आणि पसरकाराने चार पैसे जास्त सुटतात म्हणून नकलेचा माल मुद्दाम पुढे करू नये. त्याच्याही फलकावर एक नाव आहे, आणि उद्या त्याचीही पाळी येऊ शकते.

शेवटी गिऱ्हाइकाविषयी. आपण ज्या नावावर विश्वास ठेवतो ते नाव नीट वाचून घेणे, एवढे तरी आपण करू शकतो. घाईने उचललेली एक बाटली आपल्या दृष्टीने चार-दोन रुपयांचा व्यवहार असेल. पण स्वयंपाकघरात उभे राहून ज्या बाईने ते नाव उभे केले, तिच्या दृष्टीने तो संसाराचा प्रश्न असतो. तिने आपले नाव आजच नोंदवावे, आपले कागद आजच बांधून ठेवावेत आणि कोणी कुंपणात शिरला तर त्याच दिवशी त्यास हटकावे. कष्टाने मिळविलेल्या नावासाठी भांडणे यात हावरेपणा नाही. ते नाव वाचून माल घेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाशी राखलेली ती सचोटी आहे.